हाताच्या अंतरावरून

फोटो काढणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा असतो, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कॅमेऱ्याबद्दलचं आपलं सगळं बोलणं तिथूनच सुरू होतं. झूम किती, व्ह्यूफाइंडर आहे का, पकड कशी बसते. व्लॉग करणारा मात्र कॅमेऱ्याच्या पुढे असतो. चित्रण करणारा तोच, दिसणारा तोच, बोलणाराही तोच, आणि त्याचा चेहरा नि लेन्स यांच्यामध्ये असतो त्याचाच लांब केलेला हात. फार तर साठ-पासष्ट सेंटिमीटर. व्लॉगसाठी छोटा कॅमेरा निवडताना पडणारे बहुतेक सगळे प्रश्न या साठ सेंटिमीटरांतून निघतात, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

ते झालं माझ्या मावसबहिणीमुळे. तिला झाडांबद्दल बोलायचं आहे. चालता चालता एखाद्या झाडापाशी थांबायचं, त्याची साल, पान, फूल दाखवायचं आणि त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे ते सांगायचं, एवढीच तिची कल्पना. ती बोलते सुरेख. ऐकणारा जागचा हलत नाही. "दादा, यातला कोणता घेऊ?" असं विचारत तिने मला एक तक्ता पाठवला. मेगापिक्सेल, सेकंदाला फ्रेम किती, झूम किती पट, सगळं मन लावून भरलेलं. फक्त तिचा हात किती लांब आहे ते त्यात नव्हतं. मग आम्ही मोजायची टेप घेऊन बसलो.

टेपकडे येण्याआधी एका माणसाबद्दल सांगायला हवं. नेल्सन सलिव्हन. १९८० च्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये मित्रांच्या मैफली, रस्ते, घरी परतण्याची वाट असं सगळं चित्रित करत हिंडायचा. सुरुवातीला व्हीएचएस टेपचा अवजड कॅमेरा होता, तेव्हा तो कॅमेऱ्यामागचा माणूस होता. पुढे हातात मावणारा आठ मिलिमीटर टेपचा कॅमेरा आला, त्यावर रुंद कोनाची लेन्स बसली, आणि त्याने कॅमेरा उलटा वळवून हात लांब केला. चालतोय, बोलतोय, मागे शहर सरकतंय. १९८९ मध्ये तो वारला. इंटरनेटवर व्हिडिओ टाकण्याची कल्पनाही तेव्हा कुणाला नव्हती, आणि तरी आजच्या व्लॉगची सगळी मांडणी त्या चित्रफितींमध्ये आहे. त्या पाहताना मला जाणवतं की हा प्रकार दोनच गोष्टींमुळे शक्य झाला: कॅमेरा एका हाताला पेलेल इतका हलका झाला, आणि हाताच्या अंतरावरून चेहऱ्यासकट आजूबाजूही दिसेल इतकी लेन्स रुंद झाली.

आता टेप. हिशेब साधा आहे. लेन्स किती रुंद पाहते ते तिच्या फोकल लेंथवरून कळतं: आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. कॅमेऱ्यावर जी फोकल लेंथ फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या मापात सांगतात, तिच्यात चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर धरलेली असते. ३६ ला त्या फोकल लेंथने भागायचं आणि अंतराने गुणायचं. तेवढी रुंदी चौकटीत मावते. २४ मिलिमीटरची लेन्स साठ सेंटिमीटरवर धरली तर ९० सेंटिमीटर रुंदी आणि १६:९ च्या चौकटीत जेमतेम ५० सेंटिमीटर उंची. हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा बावीस-तेवीस सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ अर्धी उंची त्यानेच अडवली. त्यात चालताना चित्र हलू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन सुरू केलं की कॅमेरा चारही कडा कापतो. या कापणीने फोकल लेंथ सव्वापट होते असं धरलं तरी २४ ची लेन्स ३० सारखी वागायला लागते, रुंदी ७२ वर येते, उंची चाळीसवर. आम्ही भिंतीवर टेप लावून हा ७२ बाय ४० चा आयत खरंच आखला आणि बहीण त्याच्यापुढे उभी राहिली. चेहरा, खांदे, संपलं. झाड कुठे ठेवणार?

आता हेच आकडे घेऊन गेल्या काही वर्षांतले कॅमेरे पाहा. सोनीने खास व्लॉगसाठी म्हणून २०२० मध्ये झेडव्ही-१ आणला, त्याची लेन्स २४ पासून सुरू व्हायची. २०२२ च्या झेडव्ही-१एफमध्ये ती २० वर आली. २०२३ च्या झेडव्ही-१ मार्क टूमध्ये १८ वर. त्याच वर्षी आलेल्या डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट ३ ला २० ची लेन्स आहे, आणि २०२५ चा कॅननचा पॉवरशॉट व्ही१ तर १६ पासून सुरू होतो. माणसाचा हात किती लांब असतो हे लेन्स बनवणाऱ्यांच्या पचनी पडायला पाच वर्षं लागली, असं मी तरी यातून वाचतो. १८ च्या लेन्सने साठ सेंटिमीटरवर १२० सेंटिमीटर रुंदी मिळते. कापणीनंतरही ९६ उरते. खांद्यामागे खोड मावतं, त्याच्या बाजूने वाटही दिसते.

रुंद लेन्सची किंमत चेहऱ्याला मोजावी लागते. कॅमेरा जवळ असला की नाक कानांपेक्षा त्याच्या बरंच जवळ येतं, म्हणून मोठं दिसतं. आणि चेहरा चौकटीच्या कडेला गेला की तो ताणला जातो. यावर उपाय म्हणजे चेहरा मध्याच्या आसपास ठेवायचा आणि हात पुरता लांब करायचा, किंवा छोटी काठी लावायची. पंधरा-वीस सेंटिमीटरांच्या काठीने चेहऱ्यात पडणारा फरक मला तरी महागड्या लेन्सपेक्षा मोठा वाटतो.

मग फोकस. कॅमेऱ्यामागे असलेल्याला चित्र धूसर झालेलं लगेच कळतं. पुढे असलेल्याला ते घरी जाऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर कळतं, आणि तोवर झाडही मागे राहिलेलं असतं, ऊनही. म्हणून व्लॉगच्या कॅमेऱ्याच्या फोकसवर डोळे मिटून विसंबता आलं पाहिजे. फेज डिटेक्शन असलेल्या सेन्सरला फोकस पुढे न्यायचा की मागे, हे थेट कळतं. नुसत्या कॉन्ट्रास्ट डिटेक्शनवर चालणारा कॅमेरा पुढे-मागे करत योग्य जागा शोधतो, आणि ते शोधणं व्हिडिओत दिसतं: मागचं दृश्य क्षणभर फुगल्यासारखं होतं आणि परत बसतं. झेडव्ही-१ मध्ये फेज डिटेक्शन आहे. झेडव्ही-१एफ आणि कॅननचा २०१९ चा जी७ एक्स मार्क थ्री कॉन्ट्रास्टवर चालतात. तक्त्यात मात्र तिघांपुढेही 'चेहरा ओळखतो' असंच लिहिलेलं होतं.

बहिणीसाठी याहून महत्त्वाचा प्रश्न पानाचा होता. चेहऱ्याला चिकटून राहणारा फोकस हवाच, पण तिने पान लेन्ससमोर धरलं की त्याने चेहरा सोडून पानावर यायला हवं, आणि पान खाली घेतलं की परत चेहऱ्यावर. चेहरा ओळखण्यात कॅमेरा जितका पक्का, तितका तो हट्टाने चेहराच धरून बसतो, पान धूसरच राहतं. पूर्वी लोक वस्तूच्या मागे तळहात धरून चेहरा झाकायचे. झेडव्ही मालिकेत यासाठी प्रॉडक्ट शोकेस नावाची सोय आहे. पुढे आलेल्या वस्तूकडे फोकस आपणहून जातो. नाव दुकानदारीचं वाटलं तरी पिंपळाच्या पानाच्या शिरा दाखवायला ती तितकीच कामाची आहे.

स्क्रीनबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे लोक सोयीचा विचार करतात आणि नजरेचा राहून जातो. स्वतःकडे वळणारी स्क्रीन हवी, यावर सगळ्यांचं एकमत असतं. ती वर उघडते की बाजूला, हाही प्रश्न लोक विचारतात: वर उघडली तर वरच्या बाजूला माइक लावायची अडचण, बाजूला उघडली तर ती जागा मोकळी. पण बाजूला उघडलेल्या स्क्रीनचा मध्य लेन्सपासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर जातो. साठ सेंटिमीटरवरून आठ-नऊ सेंटिमीटर म्हणजे नजर आठ-नऊ अंश तिरकी. समोर बसलेला माणूस आपल्या डोळ्यांत न बघता कानाकडे बघून बोलला तर आपल्याला जसं ताबडतोब कळतं, तसंच पाहणाऱ्याला हे कळतं. काय चुकतंय ते त्याला सांगता येणार नाही, पण आपल्याशी कुणी बोलत नाहीये एवढं त्याला जाणवतं, आणि तो निघून जातो.

बहिणीचं एक रेकॉर्डिंग आम्ही आवाज बंद करून पाहिलं. फक्त डोळे पाहायचे ठरवले होते. वाक्याच्या सुरुवातीला ती लेन्समध्ये बघत होती, मध्येच बुबुळं डावीकडे सरकायची, केसांवरून हात फिरायचा, मग परत लेन्स. झाडाचं नाव सांगताना, म्हणजे ज्या क्षणी तिने समोरच्याकडे बघायला हवं त्याच क्षणी, ती स्वतःकडे बघत होती. यात तिचा काही दोष नाही. स्वतःचा चेहरा समोर हलत असताना त्याच्याकडे न बघणं माणसाला जमत नाही. आम्ही चौकट लावून झाल्यावर स्क्रीन काळी करून पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि मी कॅमेऱ्याच्या अगदी मागे उभा राहिलो. तीच माहिती, तेच झाड, पण ती आता कुणाला तरी सांगत होती. ऑस्मो पॉकेटसारख्या कॅमेऱ्यात छोटीशी स्क्रीन लेन्सच्या बरोबर खाली असते, त्यामुळे नजर ढळली तरी ती खाली, थोडीच ढळते. मला ही गोष्ट स्क्रीनच्या आकारापेक्षा मोलाची वाटते.

आणि आवाज. इथे मी कुणाशीही तडजोड करायला तयार नाही. धूसर चित्र, हलतं चित्र, अंधारं चित्र लोक सहन करतात, सांगणारा चांगला असेल तर शेवटपर्यंत पाहतात. शब्द कळत नसले तर मात्र अर्धा मिनिटही थांबत नाहीत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. कॅमेऱ्यावरचा माइक तोंडापासून साठ सेंटिमीटरवर असतो. तोच कॉलरला, पंधरा सेंटिमीटरवर आणला की बारा डेसिबल हाती लागतात, म्हणजे ध्वनिदाब चौपट. रस्त्याचा, वाऱ्याचा, माणसांचा गलबला होता तेवढाच राहतो. लेन्स, सेन्सर, सगळं बदलून चित्रात इतका फरक पडत नाही.

कॅननचा २०१६ चा जी७ एक्स मार्क टू व्लॉग करणाऱ्यांचा फार लाडका होता, आणि त्याला बाहेरचा माइक लावायची सोयच नव्हती. ती मार्क थ्रीमध्ये आली. जुना कॅमेरा स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा विचार असेल तर आधी हे छिद्र आहे का ते पाहावं. ३.५ मिलिमीटरचं एक छिद्र, पण कॅमेरा व्लॉगच्या कामाचा आहे की नाही ते पुष्कळदा त्यावर ठरतं. पॉकेट ३ ला हे छिद्र थेट नाही, पण त्याच कंपनीचे वायरलेस माइक त्याला मध्ये काही न लावता जोडता येतात. हेडफोन लावायची सोय मात्र असल्या छोट्या कॅमेऱ्यांत सहसा नसते, त्यामुळे आपला आवाज कसा येतोय हे चालू असताना ऐकता येत नाही. प्रत्येक नव्या जागी आधी अर्धा मिनिट बोलून, थांबून, ऐकून पाहावं. वाऱ्यासाठी माइकवर लोकरीचं झुपकेदार टोपण हवंच. वारा माइकच्या पडद्यावर आपटून जो गडगडाट होतो, तो आवाजाची कमाल पातळी ओलांडून जातो आणि त्याखाली दबलेले शब्द नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण परत येत नाहीत. झेडव्ही-१ च्या खोक्यात हे टोपण कॅमेऱ्याबरोबरच येतं, हे मला फार आवडलं.

थरथरीबद्दल थोडक्यात. चालत चालत बोलायचं असेल तर तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे मोटरांनी लेन्सला स्थिर धरणारी हलती मान, असलेला कॅमेरा इलेक्ट्रॉनिक उपायांपेक्षा सरस ठरतो, संध्याकाळनंतर तर फारच. इलेक्ट्रॉनिक उपाय एका फ्रेमची जागा दुसरीशी जुळवतो, पण अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहिल्याने त्या एका फ्रेमच्या आतच जे फरफटलेलं असतं, त्याला तो काही करू शकत नाही. चित्र जागेवर असतं आणि तरी मधूनमधून शहारल्यासारखं दिसतं. गिंबल मात्र लेन्सलाच स्थिर धरतो. पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल त्यालाही पुरती जात नाही. गुडघे किंचित वाकवून चालावं लागतं.

सेन्सरचंही असंच. या जातीच्या चांगल्या कॅमेऱ्यांत ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर असतो, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळ. संध्याकाळी, घरातल्या दिव्यांत हा फरक दिसतो. त्यापुढे मेगापिक्सेल मोजत बसू नये. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल असतात; वीस मेगापिक्सेलचा सेन्सर पुरून उरतो. दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावं, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०. कॅमेरा कितीही महाग असला तरी हे आपल्यालाच करावं लागतं.

वजनाची परीक्षा मी बहिणीला घरीच द्यायला लावली. अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात धरायची, हात लांब करायचा आणि एखाद्या झाडाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. दोन मिनिटांनी खांदा भरून आला आणि वाक्यं तुटायला लागली. झेडव्ही-१ चं वजन २९४ ग्रॅम, पॉकेट ३ चं १७९, पंखा बसवलेल्या व्ही१ चं ४२६. त्यावर माइकचा रिसीव्हर आणि छोटी काठी चढवली की पाचशे ग्रॅम व्हायला वेळ लागत नाही. कागदावर शंभर ग्रॅम क्षुल्लक वाटतात, हाताच्या टोकाला नाही. हात दुखायला लागला की माणूस घाईने बोलतो, आणि ती घाई आवाजात उतरते.

व्ही१ मध्ये पंखा कशाला, असा प्रश्न तिला पडला होता. फोर-के चित्रण करताना एवढ्याशा डबीत भरपूर उष्णता तयार होते. जी७ एक्स मार्क थ्रीमध्ये फोर-केचा एक तुकडा दहा मिनिटांच्या आतच संपतो. झेडव्ही-१ च्या मेनूत तापमानाची मर्यादा 'हाय' वर नेण्याची सोय आहे, ती आल्या आल्या बदलून ठेवावी. (पूर्वी बहुतेक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबायचे, त्याचं कारण तापमान नव्हतं. युरोपात सलग तीस मिनिटं चित्रण करू शकणारं यंत्र आयात शुल्कासाठी व्हिडिओ कॅमेरा ठरायचं.) बहिणीचे तुकडे दोन-तीन मिनिटांचे असणार, तिला हा त्रास फारसा नाही. जादा बॅटऱ्या मात्र लागतील, आणि कार्ड व्ही३० खुणेचं, म्हणजे चित्रण न अडखळता वेगाने साठवणारं. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने तासाभराचं चित्रण ४५ गिगाबाइट होतं.

फोन का नको, हेही तिने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. टेबलाशी बसून बोलायचं असेल, उजेड चांगला असेल, तर फोन आणि कॉलरचा माइक यांवर चांगलं काम होतं. कॅमेऱ्याची घाई करू नये. अडचण अशी की फोनचा सगळ्यात चांगला कॅमेरा पाठीवर असतो आणि त्यातून स्वतःला पाहता येत नाही. पुढचा कॅमेरा त्यामानाने लहान सेन्सरचा असतो. शिवाय फोनला दहा कामं असतात. बोलण्याच्या भरात असताना कुणाचा तरी फोन येतो आणि ती लय परत सापडत नाही. वेगळा कॅमेरा हातात घेतला की माणूस मनानेही त्याच कामात असतो, हे मी तिच्यात पाहिलं.

शेवटी तिच्यापुढे दोनच उरले. चालत बोलणारी असती तर मी डोळे झाकून पॉकेट ३ सांगितला असता. पण ती झाडापाशी थांबते. तिला उंच फांदीवरच्या फुलापर्यंत थोडं तरी पोचायला हवं, पान जवळून दाखवायला हवं, आणि भर उन्हात शटरचा वेग आटोक्यात ठेवणारा, लेन्समध्येच बसवलेला एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा उजेड कमी करणारी काच, तिच्या उपयोगाचा आहे. म्हणून १८ ते ५० चा झेडव्ही-१ मार्क टू. त्यात लेन्सचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे आतलं भिंग हलवून थरथर कमी करण्याची सोय, नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. थांबून बोलणाऱ्याला त्यावाचून चालतं.

माइकवर मात्र आमचं अजून पुरतं जमलेलं नाही. तिचं म्हणणं, कॉलरवरच्या माइकला झाडाची सळसळ, वरचे पक्षी फारसे ऐकूच येणार नाहीत, आणि ते नसतील तर तिचं झाड मुकं होईल. म्हणणं खरं आहे. सध्या ठरलंय ते असं: बोलणं कॉलरच्या माइकवर, आणि बोलून झालं की तो माइक काढून, कॅमेऱ्याच्याच माइकवर टोपण चढवून, गप्प राहून दोन मिनिटं त्या जागेचा आवाज वेगळा टिपायचा. संकलनात तो बोलण्याखाली हलका ठेवायचा. किती हलका, ते तिच्या कानाने ठरेल. माझ्यापेक्षा तिला ते जास्त कळतं.